मदत केंद्र बंद होतं, धोका तसाच राहतो: आत्महत्या प्रतिबंधाची धोरणं आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
आत्महत्या प्रतिबंधाचे आराखडे तयार करणारे आरोग्य विभाग, आपत्तीनंतर पुनर्वसन करणाऱ्या यंत्रणा आणि या सगळ्यांना मार्गदर्शन करणारी जागतिक आरोग्य संघटना

विषय: आघात सोसलेल्या समाजांना आत्महत्या प्रतिबंधाच्या धोरणात स्थान देण्याबाबत

सादर नमस्कार.

माझा मोठा भाऊ ज्या कारखान्यात काम करायचा, तिथे काही वर्षांपूर्वी स्फोट झाला. त्याच्या पाळीतले बरेच जण गेले. दादा वाचला. स्फोटातून वाचलेल्या कामगारांसाठी आणि गेलेल्यांच्या घरच्यांसाठी एक मानसिक आधार केंद्र सुरू झालं होतं. ते आता बंद केल्याचं गेल्या महिन्यात समजलं. कारण दिलंय, प्रकल्पाचा कालावधी पूर्ण झाला. केंद्रात शेवटपर्यंत माणसं येत होती. काही जण तर नुकतीच यायला लागली होती.

दादाने स्फोटानंतर दोनेक वर्षांनी आत्महत्या केली. त्यानंतर मी रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि आता एका हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून फोन घेते. डॉक्टर नाही, संशोधक नाही. पण या विषयावर जे प्रसिद्ध झालंय ते मिळेल तसं वाचत आले आहे, आणि फोनवर रोज जे ऐकते ते त्याच्याशी ताडून बघते. ते केंद्र बंद करणाऱ्यांना मी वेगळं पत्र दिलं आहे. हे पत्र जाहीरपणे तुम्हाला लिहिते आहे, कारण तुमच्या धोरणात जे नाही, त्यासाठी खाली कुणी पैसा देत नाही आणि माणूसही नेमत नाही.

तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे. २०२१ साली जगात सुमारे ७ लाख २७ हजार माणसं आत्महत्येने गेली. १५ ते २९ या वयात मृत्यूच्या कारणांमध्ये आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे. हे प्रमाण २०३० पर्यंत एक तृतीयांशाने खाली आणायचं, असं उद्दिष्ट जगाने स्वीकारलं आहे. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत चार मुख्य उपाय आहेत. घातक साधनं सहजासहजी हाती लागू न देणं, माध्यमांनी जबाबदारीने बातम्या देणं, किशोरवयीन मुलामुलींना भावना आणि नाती सांभाळायला शिकवणं, आणि धोक्यात असलेल्या माणसाला वेळीच ओळखून त्याच्यावर उपचार करत राहणं. चारही उपाय पटणारे आहेत. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. असं यश कुणाला नको असेल?

पण या चारांत आघाताला स्वतःची जागा नाही. चौथ्या उपायात तो कुठेतरी गृहीत धरलेला असेल, पण गृहीत धरलेल्या गोष्टीसाठी निधीची तरतूद होत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: आघात आणि आत्महत्या यांचा संबंध तुम्हाला ठाऊक आहे, तर तो धोरणात लिहा, आणि हा आघात जिथे अख्ख्या वस्तीवर, अख्ख्या समाजावर झालाय, तिथे मदतही त्या समाजाला मिळू द्या, सुट्या सुट्या रुग्णांना नव्हे.

ठाऊक आहे असं मी म्हणते, कारण यात नवं काहीच नाही. अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट आंडा यांनी साडेनऊ हजारांहून जास्त प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. मारहाण झाली होती का, लैंगिक अत्याचार झाला होता का, घरात आईला मार बसायचा का, घरातलं कुणी व्यसनी, मनोरुग्ण किंवा तुरुंगात होतं का. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा त्याहून जास्त प्रकार आले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका एकही अनुभव नसलेल्यांच्या मानाने ४ ते १२ पट निघाला. ही माणसं आरोग्य विमा असलेली, नियमित तपासणीला येणारी होती. त्यानंतर युद्ध, बलात्कार, विस्थापन, तुरुंगवास अशा कितीतरी आघातांबद्दल असेच अभ्यास झाले आहेत.

इथे एक गैरसमज होऊ नये. आघात सोसलेली बहुतेक माणसं आत्महत्येकडे वळत नाहीत. जगातल्या साधारण ७० टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी एखाद्या भीषण प्रसंगातून जावं लागतं, आणि त्यातल्या थोड्याच जणांना, ५.६ टक्क्यांना, पुढे पीटीएसडी होतो, म्हणजे तो प्रसंग मनात पुन्हापुन्हा घडत राहण्याचा आजार. तेव्हा संकटातून आलेल्या प्रत्येकावर 'धोका' असा शिक्का मारा, असं मी अजिबात म्हणत नाही. उलट मला विचारायचं आहे की बाकीचे सावरतात ते कशाच्या आधारावर? भोवतालच्या माणसांच्या, डोक्यावरच्या छपराच्या, हातातल्या कामाच्या, आणि कुणीतरी आपलं ऐकतंय या विश्वासाच्या. एका माणसावर संकट येतं तेव्हा हे सगळं निदान आजूबाजूला शाबूत असतं. अख्ख्या वस्तीवर येतं तेव्हा ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवायचं तोच ढिगाऱ्याखालून निघालेला असतो. वस्तीचा धोका हा तिथल्या एकेकट्या माणसांच्या धोक्यांची बेरीज करून कळत नाही, तो याच कारणामुळे. तुमचे आराखडे मात्र माणसं सुटी सुटीच मोजतात.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार, तुम्ही घडलेलं विचारत नाही. दादा आधी एकदा आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचला होता. तेव्हा रुग्णालयाच्या केसपेपरवर कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कौटुंबिक वाद'. खोटं नव्हतं ते. आदल्या दिवशी घरात वाद झालाच होता. पण वाद कशावरून झाला? दादा स्फोटानंतर पायातले बूट न काढता झोपायचा. रात्री दिवा मालवू द्यायचा नाही. दार आतून लावलेलं त्याला चालत नसे, कारण पळायची वेळ आली तर कडी काढण्यात क्षण जातील. वहिनीला दोन लहान मुलं घेऊन उघड्या दाराच्या घरात झोपायची भीती वाटायची. त्या दारावरून वाद झाला. केसपेपरवर स्फोटाचा उल्लेखच नव्हता, कारण स्फोटाबद्दल त्याला कुणी विचारलंच नाही आणि तो आपणहून बोलणाऱ्यांतला नव्हता. पुढे त्याची नोंद कुठल्या तरी तक्त्यात गेली असेल, ती कौटुंबिक कारणांखालीच. अशा तक्त्यांच्या आधारेच पुढचं धोरण ठरतं, आणि मग कुणीतरी म्हणतं की आघाताचा तर आकडेवारीत काही पुरावा नाही.

हेल्पलाइनवर मला हेच रोज दिसतं. फोन करणारा सुरुवात करतो ती कर्जापासून, भांडणापासून, झोप न येण्यापासून. मूळ गोष्ट येते ती बऱ्याच उशिरा, कित्येकदा दुसऱ्या-तिसऱ्या फोनमध्ये. मोठ्या दुर्घटनेचा स्मृतिदिन जवळ आला की तिथल्या लोकांचे फोन वाढतात, पण बोलताना ते तारखेचा उल्लेख करत नाहीत. आपण विचारलं तरच सांगतात. विचारल्याने माणूस आत्महत्येकडे ढकलला जातो ही भीती निराधार आहे, हे तुमच्याच प्रशिक्षणात शिकवतात. मग छापील अर्जावर हा एक प्रश्न का नाही?

दुसरी तक्रार मदतीच्या वेळेची आहे, आणि हीच मला सगळ्यात जास्त सलते. दुर्घटना घडते तेव्हा तुम्ही येता. तंबू लागतात, समुपदेशक येतात, माहितीपत्रकं वाटली जातात. त्या पहिल्या दिवसांत लोक एकमेकांना धरून असतात, बाहेरून मदतीचा ओघ असतो, करायला खूप काही असतं. आत्महत्यांचं प्रमाण अशा काळात काही ठिकाणी खालीसुद्धा येतं. कठीण काळ त्यानंतरचा. भरपाई अडकलेली असते, तात्पुरतं घर कायमचं होऊन बसतं, गेलेल्यांची माणसं एकेकटी पडतात, आणि बाकी जग पुढे गेलेलं असतं. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर मियागी प्रांताच्या किनाऱ्यावर पुरुषांमधलं आत्महत्यांचं प्रमाण सुरुवातीला उतरलं आणि दोनेक वर्षांनी पुन्हा चढलं, असं तिथल्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे. दादाही त्याच सुमाराला गेला. तुमचे प्रकल्प बहुधा तेवढ्यातच गुंडाळले जातात. धोका कधी वाढतो हे माहीत असूनही निधीची मुदत त्याच्या आधीच संपावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

आणि पहिल्या दिवसांत जे करता, तेही नीट करा. भेदरलेल्या माणसांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सगळं आठवायला आणि बोलायला लावण्याने पीटीएसडी टळत नाही, काहींचं त्याने बिघडतंही, हे आता पुरेसं सिद्ध झालं आहे. जागतिक आरोग्य संघटना स्वतः त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवते. माणसाला सुरक्षित जागी न्यायचं, त्याच्या गरजा पुरवायच्या, त्याच्या माणसांशी गाठ घालून द्यायची, बोलायची जबरदस्ती करायची नाही. तरीही दादाच्या गटाला तशाच एका खोलीत बसवलं गेलं होतं. दादा अर्ध्यातून उठून गेला आणि पुन्हा कुठल्याच समुपदेशकासमोर बसला नाही.

तिसरी तक्रार, रुग्णालयातून घरी सोडल्यावर माणूस कुणाचाच राहत नाही. मनोरुग्णालयातून डिस्चार्ज मिळाल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आत्महत्येचा धोका सर्वाधिक असतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांचीही हीच गत असते. दादाला गोळ्या दिल्या, पुढची तारीख दिली. त्या तारखेला तो गेला नाही. कुणी फोन केला नाही.

फोन केला असता तर फरक पडला असता का? दादाच्या बाबतीत मला सांगता येणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनेच पाच देशांत एक प्रयोग केला होता: ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटाशी त्याशिवाय तासभर नीट बोलले आणि पुढच्या १८ महिन्यांत फोनवर किंवा घरी जाऊन नऊ वेळा विचारपूस केली. १८ महिन्यांनंतर पहिल्या गटातले २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले होते, दुसऱ्या गटातले ०.२ टक्के. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत, मोठ्या पदव्या लागत नाहीत. लागतो तो एक प्रशिक्षित माणूस, एक यादी आणि फोन करायला राखून ठेवलेला वेळ. इतक्या वर्षांत हे प्रत्येक रुग्णालयात रुळायला हवं होतं.

चौथी गोष्ट मागे राहिलेल्यांची. आत्महत्या हा स्वतःच एक आघात आहे, आणि तो पसरतो. एका आत्महत्येचा स्पर्श सरासरी १३५ जणांना होतो, असा अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. ब्रिटनमधल्या तरुणांच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की ज्यांचं जवळचं माणूस आत्महत्येने गेलं, त्यांच्यात स्वतः आत्महत्येचा प्रयत्न करण्याची शक्यता, जवळचं माणूस अचानक पण नैसर्गिक कारणाने गेलेल्यांपेक्षा ६५ टक्क्यांनी जास्त होती. रक्ताच्या नात्याचं असो की मैत्रीचं, फरक पडला नाही. आमच्याकडे पोलीस आले, जबाब घेऊन गेले. आरोग्य खात्यातून कुणीही आलं नाही. दादाच्या थोरल्या मुलाच्या शाळेने काय करायचं, हे शाळेलाही कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटची तक्रार मोठी आहे. समाजाला सावरायचं म्हणजे काय, याचा विचार तुमच्या आराखड्यांत समुपदेशकांच्या संख्येपलीकडे जात नाही. २६ फेब्रुवारी १९७२ ला अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक खोऱ्यात कोळसा खाणीच्या गाळाचा बांध फुटला. १२५ माणसं गेली, चार हजारांच्या आसपास बेघर झाली. त्यांना तात्पुरती घरं मिळाली, पण ती वाटताना कोण कुणाचा शेजारी होता हे पाहिलं गेलं नाही. पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या ओसरीवर वाढलेली माणसं अनोळखी लोकांत विखुरली. नंतर तिथे अभ्यास करणाऱ्यांना आढळलं की लोक पुराइतकेच त्या तुटलेल्या शेजारामुळे खचले होते. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी आजही कितीतरी ठिकाणी पुनर्वसनाची घरं सोडत काढूनच वाटली जातात.

याच्या उलट बाजूचं उदाहरण कॅनडात आहे. तिथल्या आदिवासींची सुमारे दीड लाख मुलं अनेक दशकं आईवडिलांपासून तोडून निवासी शाळांत ठेवली गेली. भाषा बोलायला बंदी, मारहाण, अत्याचार. त्याची झळ नातवंडांपर्यंत पोचली आहे. एप्रिल २०१६ मध्ये अटावापिस्कट या सुमारे दोन हजार वस्तीच्या गावाने एकाच दिवसात अकरा जणांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्यावर आणीबाणी जाहीर केली. पण त्याच देशातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांनी जवळपास दोनशे आदिवासी समुदायांची तुलना केली, तेव्हा निम्म्याहून अधिक समुदायांत अभ्यासाच्या काळात एकाही तरुणाची आत्महत्या झाली नव्हती, आणि थोड्या समुदायांत मात्र त्या फार झाल्या होत्या. इतिहास सगळ्यांचा तोच, मग फरक कशाचा? स्वशासन, जमिनीच्या हक्काचा लढा, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस आणि अग्निशमन, सांस्कृतिक केंद्र, यांतल्या जितक्या गोष्टी समुदायाच्या स्वतःच्या हाती, तितक्या आत्महत्या कमी. सहाही गोष्टी हाती असलेल्या समुदायांत त्या काळात तरुणांची एकही आत्महत्या नव्हती. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण दादाच्या वस्तीत नेमकं उलट घडलं होतं. तिथल्या लोकांना कुठल्याच निर्णयात कुणी विचारलं नव्हतं. केंद्र उघडतानाही नाही आणि बंद करतानाही नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

आत्महत्येच्या आणि आत्महत्येच्या प्रयत्नाच्या प्रत्येक नोंदीत तात्कालिक कारणाशेजारी मागच्या आघाताची नोंद घ्यायची सोय करा. ही माहिती गोपनीय ठेवा, आणि ती विचारणाऱ्याला कसं विचारायचं हे आधी शिकवा.

सामूहिक दुर्घटना, हिंसाचार किंवा विस्थापन झालेल्या ठिकाणी मानसिक आधाराचं काम किमान पाच वर्षं चालेल असा निधी सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा. ते थांबवायचं की नाही हे तिथला धोका पाहून, तिथल्या लोकांशी बोलून ठरवा. आमच्या वस्तीतल्यासारखी जी केंद्रं मुदत संपली म्हणून बंद झाली आहेत, ती पुन्हा उघडा.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर घरी जाणाऱ्या प्रत्येकाचा १८ महिने पाठपुरावा सक्तीचा करा. ज्याची पुढची तारीख चुकली, त्याला त्याच आठवड्यात फोन गेला पाहिजे.

ज्या घरात आत्महत्या झाली, तिथे पोलिसांच्या पाठोपाठ एक प्रशिक्षित माणूस जाऊ द्या. त्या घरातल्या मुलांच्या शाळेलाही मदत मिळू द्या.

पुनर्वसन करताना शेजार मोडू नका, आणि मदतीच्या योजना ठरवणाऱ्या समितीत त्या संकटातून गेलेल्या माणसांना मतदानाच्या हक्कासह बसवा. निमंत्रित म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत नको.

जागतिक आरोग्य संघटनेला वेगळी विनंती: पुढच्या मार्गदर्शिकेत आघातग्रस्त समाज हा पाचवा उपाय म्हणून स्वतंत्र लिहा. तुमच्या कागदावर तो आला की आमच्यासारख्यांना आपापल्या आरोग्य खात्याकडे जाऊन तो दाखवता येईल. आज आमच्याकडे दाखवायला काही नाही.

या मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती अमान्य आणि का, हे जाहीरपणे सांगावं अशी अपेक्षा आहे. पैसे कमी आहेत असं उत्तर असेल तर तेही चालेल, पण मग कशावरचे पैसे जास्त महत्त्वाचे वाटले तेही सोबत सांगा.

आपली,
आत्महत्येने भाऊ गमावलेली एक बहीण आणि हेल्पलाइनवरची स्वयंसेवक

ता. क. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात सध्या जीव देण्याचे विचार येत असतील, तर ते आजच एखाद्या विश्वासाच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, किंवा तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला वा जवळच्या रुग्णालयाला फोन करा. सुरुवात कुठून करायची ते सुचत नसेल तर 'मला नीट बोलता येत नाहीये' एवढंच म्हणा. पलीकडच्याला पुढचं विचारता येतं. आणि असं कुणी तुमच्यापाशी बोललं, तर त्याला एकटं सोडू नका. समजूत घालायची घाई न करता, काय झालं होतं ते विचारा आणि मदत मिळेपर्यंत सोबत थांबा.